समासातलं शेवटचं वाक्य

त्या सकाळी बाबांनी चष्मा सदऱ्याला पुसला आणि कित्येक वर्षांनी मला मांडीवर घेतलं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. माझी काही पानं उलटी शिवली गेली, म्हणून मालकांनी मला रद्दीत टाकलं. बाबांनी मला उचलून घरी आणलं.

त्यांचा एक नियम होता. पाहिलेला शब्द वाक्यात वापरायचा आणि ते वाक्य माझ्या समासात पेन्सिलीने लिहायचं. "शब्द वाक्यात बसला, की आपण जेवायला बसायचं," ते म्हणत. आठ वर्षांच्या लेकीने एकदा माझ्यात 'फेरोशियस' म्हणजे 'हिंस्र, उग्र' असं पाहून लिहिलं, 'आमची आत्या फेरोशियस आहे.' आत्याने ते वाचलं आणि दोन महिने फिरकली नाही. बाबा म्हणाले, "वापर अचूक आहे हो!"

पुढे लेकीच्या हाती मोबाइल आला आणि मी इस्त्री टेकवायच्या कामाचा उरलो.

मग बाबांना धाप लागू लागली. त्या शेवटच्या सकाळी डॉक्टरांचा कागद आला. त्यात धापेला 'डिस्ट्रेसिंग' म्हटलं होतं.

"याचा अर्थ काय गं?"

"काही नाही हो बाबा. थोडा थकवा, एवढंच."

"असं होय!"

ती औषध आणायला आत गेली. बाबांनी इस्त्री बाजूला सारून मला उघडलं. मी काही लपवलं नाही: 'क्लेशदायक, जीव कासावीस करणारे.' मला दुसरं येतं काय? त्यांनी समासात एक वाक्य लिहिलं, मला मिटलं आणि इस्त्री होती तिथे ठेवली.

"त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, तेवढंच बरं," भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत राहिली. मी इस्त्रीखाली ऐकत होतो.

महिन्याने तिने मला रद्दीसाठी उचललं. बाबांची पेन्सिल आतच राहिली होती, म्हणून तेच पान उघडलं. समासात बाबांचं अक्षर होतं: 'लेकीला माझ्याशी खोटं बोलावं लागतं, हे डिस्ट्रेसिंग आहे.'

मित्रांनो, मला पुठ्ठा घाला, वाळवीपासून जपा, असं मी म्हणणार नाही. अर्थ विचारणाऱ्याला अर्थ सांगा. नाहीतर तो माझ्याकडे येतो, आणि मला कुणाचा हात धरता येत नाही.

तिने नियमाप्रमाणे पेन्सिल उचलली, पण लिहिलं काहीच नाही. बाबांच्या खुर्चीकडे पाहून ती मोठ्याने म्हणाली,

"बाबा, तुम्ही जाणार हे मला ठाऊक होतं. मला तुमच्याजवळ बसून रडायचं होतं."