दमाची पट्टी

दत्तप्रसादांनी डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. त्यांचा फलंदाज चुकला, यष्टी उडाली. पण दोन विकेट काढणाऱ्या त्या बोलरची पुन्हा पाळी आली, तेव्हा कॉम्प्युटरने त्याला काढून दुसराच आणला.

"ह्या कोणी केल्यान?"

"कॉम्प्युटरान," विराज म्हणाला. पुण्याच्या एका कंपनीसाठी क्रिकेटचा हा खेळ तो घरी बसून बनवत होता. बोलर कधी बदलायचा हे कॉम्प्युटरच्या कप्तानाला शिकवायचं, एवढंच त्याचं काम. "नावाखालची ती दमाची पट्टी बघा, बाबा. लाल झाली म्हणजे बोलर दमलो, मगे कप्तान तेका काढता."

"दोन गडी काढल्यान आणि तेका बसवल्यान? मेल्या, तुझो कप्तान भारीच शाणो!"

दत्तप्रसाद हसले, तेही अर्ध्याच तोंडाने. शिमग्याच्या सुमारास त्यांचं उजवं अंग गेलं होतं. एके काळी ते वाडीच्या संघाचे कप्तान. कापणी झालेल्या मळ्यात त्यांचा शब्द कोणी मोडत नसे, आणि घरातही नाही. पंचाईत हीच होती. डॉक्टरांनी मदतीला माणूस ठेवा म्हणून सांगितलं. वाडीतला मंगेश दवाखान्यात हेच काम करून आलेला, बोलावलं की येतो म्हणत होता. पण "परको माणूस माझ्या आंगाक हात लावचो नाय," म्हणून दत्तप्रसादांनी विषय मिटवला. मुलाकडून करून घ्यायचीही त्यांना लाज. उचलणं, न्हाऊ घालणं, कूस बदलणं, सगळं त्यांच्या बायकोवर, एकट्या सुगंधावर. गेल्या आठवड्यात न्हाणीत तिला चक्कर आली, तेव्हा नवराबायको एकमेकांना धरून कशीबशी उभी राहिली. पुन्हा तसं झालं तर दोघंही जायची, ह्या भीतीने विराजचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"मगे खऱ्या सामन्यात कसा कळता?" त्याने विचारलं.

"पट्टी खंयची रे! माणसाच्या कपाळार काय लिवलेला नसता. आणि इचारून तर जल्मात कळाचा नाय. आपल्या वाडीतलो माणूस मरान पडतलो, पण दमलंय म्हणूचो नाय. तोंडाकडे बघूचाच नाय. बॉल झेलताना हात किती वर येता, ता बघूचा."

"आणि कळल्यार?"

"काढूचो. रागावता, रागावांदे. वायटपणा कप्तानान घेवक होयो."

सुगंधा खांद्यावर टॉवेल टाकून आली. विराजने खेळ थांबवला.

"चला, पाणी काढलंय."

वाकण्याआधी तिने भिंतीचा आधार घेतला. मग नवऱ्याची काख धरायला दुसरा हात उचलला. तो त्यांच्या कोपरापर्यंतच वर आला आणि तिथेच थांबला.

दत्तप्रसाद त्या हाताकडे बघत राहिले. इतके महिने ते तिच्या तोंडाकडे बघत आले होते, आणि तोंड कायम हसरं.

"दमलंस काय गो?"

"माका काय धाड भरली? उठा, पाणी निवता."

ते उठले नाहीत.

"विराज, मंगेशाक फोन कर. आजपासून माका आंघूळ तो घालतलो."

सुगंधा ताठ झाली. "माझा काय चुकला? एक दिस तरी मी कुरकुरलंय?"

"नाय."

"मगे?"

त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण कारण त्यांनी दिलं नाही.

"तू बस," एवढंच म्हणाले.

टॉवेल खुर्चीवर आपटून ती पडवीत गेली. "जल्मभर मी केलंय, आता परको गोड झालो!" पदराने डोळे पुसत ती बडबडत होती. विराजने मंगेशला फोन लावला. तो लगेच निघतो म्हणाला. फोन ठेवेपर्यंत पडवीतली बडबड थांबली होती.

विराज दारातून डोकावला. सुगंधा खांबाला टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. पायांवर सकाळचं ऊन आलं होतं, तरी जाग नाही.

तो परत येऊन बसला. खेळ सुरू केला तसा प्रेक्षकांचा एकच गलका उठला.

"आवाज बंद कर रे," दत्तप्रसाद म्हणाले.