दसऱ्याचे मोजे

दसऱ्याच्या दिवशी आईने आबांच्या पायांत मोजे घातले. ग्वाल्हेरच्या उकाड्यात, पंखा चालू ठेवून, लोकरीचे मोजे. माझं डोकंच फिरलं.

आबांचे पाय महिन्याभरापासून सुजत होते. आईने दोष दिला मोजडीला. नई सडकवर जाऊन ती सैल करून आणली. तीही पायात जाईना, तेव्हा मी आबांना डॉक्टरांकडे नेलं. शुगर आणि चरबीने लिव्हर बिघडलंय, लगेच दाखल करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आबांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. पण लिव्हर म्हटलं की आमच्या शिंदे की छावनी मोहल्ल्यात सगळ्यांना बाटलीच दिसते. संभाजीकाका दारूपायीच गेले होते.

"दसरा होऊन जाऊ दे," आई म्हणाली. "लोकं सोनं द्यायला येतील, पाया पडतील. पूरी छावनी म्हणेल, हेपण पीतच होते."

नवरा गेला तरी चालेल, नाव जाता कामा नये. संतापाने मला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी माणसं आली. आपट्याची पानं हातात देऊन एकेक जण त्या मोज्यांना हात लावून जात होता. आबा आशीर्वाद देत होते आणि एका पायाने दुसरा तळवा खाजवत होते. इतकी वर्षं पाया पडणाऱ्यांपैकी एकानेही पाय बघितला नाही.

माझा नंबर आला. मी वाकले आणि दोन्ही मोजे ओढून काढले.

"ताई, अभी नहीं," माझा भाऊ युवराज कुजबुजला.

मी आबांच्या घोट्यावर अंगठा दाबून उचलला. मळलेल्या कणकेत राहतो तसा खळगा राहिला.

"लिव्हर आहे," मी सगळ्यांना सांगितलं. "डॉक्टर दाखल करा म्हणतात, आणि आई तुमच्या तोंडांना घाबरून बसलीये."

इंदुआत्याने आबांकडे बघितलं. "दादा, तुम्हीपण?"

आई पदरात तोंड लपवून रडायला लागली. मी आत्याला फाडून खाणार, तेवढ्यात आबा बोलले.

"मी पीत नाही, इंदू. पण हे सांगायला मी जिवंत पाहिजे. मेलो, तर तुम्ही म्हणाल तेच खरं." मग ते आईकडे वळले. "मंदा, मोजडी राहू दे. चपला आण."

आईने चपला आणल्या आणि सगळ्यांसमोर खाली बसून त्या उघड्या, सुजलेल्या पायांत घातल्या.