वसईचा सुलतान

विल्फ्रेडनं चार वर्षांत चार वेळा फिरंग्याचं काम केलं होतं. कधी कप्तान, कधी पाद्री, एकदा नुसताच बंदूकवाला. बहारीनच्या मराठी नाटकमंडळात फिरंगी टोपीची वेळ आली की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळत. तो वसईचा, मनामातल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला. रंगानं मंडळातल्या कुणाहीपेक्षा सावळा. तरी मेकअपला त्याच्या तोंडावर गुलाबी पावडर थापली जायची.

शहाण्णव सालच्या एका शुक्रवारी, मुहर्रकमध्ये केशवरावांच्या घरी, नव्या नाटकाचं वाचन संपलं. विल्फ्रेड उभा राहिला आणि सरळ म्हणाला, "सर, या वेळी मला सुलतान करायचाय."

वरून एक विमान गेलं, खिडकीच्या काचा थरथरल्या.

केशवराव विमानतळावर टेक्निशियन होते. मंडळ त्यांनीच उभं केलं होतं, आणि या उन्हाळ्यात नोकरी संपवून ते कायमचे औरंगाबादला परतणार होते. हे त्यांचं इथलं शेवटचं नाटक. लिहिलंही त्यांनीच.

नाटक गुजरातच्या बहादूरशाह सुलतानाचं होतं. बाप गेल्यावर थोरला भाऊ गादीवर बसला, आणि काही आठवड्यांतच दरबारातल्या एका अमीरानं त्याचा खून करवला. एका लहानग्या भावाला गादीवर बसवून अमीरच कारभार पाहू लागला. परमुलखात फिरणारा बहादूर हे ऐकून परतला, गादी घेतली, खुन्याला ठार केलं. पुढे मोगल अंगावर आले तेव्हा त्यानं मदतीच्या आशेनं पोर्तुगालच्या राजाच्या माणसांना वसई देऊन टाकली. मोगल गेले, पण वसई काही परत मिळाली नाही. शेवटी दीवच्या समुद्रात, आजारपणाचं सोंग घेतलेल्या गव्हर्नरला भेटून परतताना, फिरंग्यांनी त्याला गाठून मारलं.

सुलतानाचं काम केशवरावांचा मुलगा सुजीत करणार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. मंडळही पुढे तोच चालवणार होता. सुजीत दहाव्या वर्षी बहारीनला आला, इंग्रजी शाळेत शिकला आणि आता हमद टाउनला राहून एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळत होता. उंच, देखणा, आवाज खणखणीत.

"विल्फ्रेड," केशवराव चाचरत म्हणाले, "गव्हर्नरचं काम तुझ्याइतकं कुणाला जमणार? आणि लोकांना ते पटायला पण पाहिजे ना. ख्रिश्चन माणूस मुसलमान सुलतान म्हणून..."

"सुजीत कुठे मुसलमान आहे, सर?"

दोघेतिघे खुदकन हसले. सुजीत हसला नाही.

"शाळेत मला पोरं फिरंग्यांची औलाद म्हणायची," विल्फ्रेड म्हणाला. "फिरंगी वसईत आले ते आग लावतच आले. जळालेल्या घरांत माझेच पूर्वज होते. धर्म नंतर मिळाला. सुलतान आमचा होता हो, त्यानंच आम्हाला देऊन टाकलं. त्या माणसाचं काय झालं असेल, हे मला करून बघायचंय. तुम्ही परीक्षा घ्या. नापास झालो तर टोपी घालतो."

पुढच्या शुक्रवारी सकाळी परीक्षेसाठी सगळे अरादच्या किल्ल्यापाशी, समुद्राकाठी जमले. ओहोटी लागलेली होती, पाणी गुडघ्याएवढंच होतं. प्रवेश शेवटचा: होडीला वेढा पडलाय आणि सुलतान पाण्यात उडी घेण्याआधी सोबत्याला म्हणतो, "गादीवर मी भावाच्या रक्तातून चालत आलो. पाण्याची मला भीती कसली?"

सुजीतनं वाक्य असं फेकलं की ते किल्ल्याच्या भिंतीपर्यंत गेलं. टाळ्या पडल्या.

विल्फ्रेड पँट न दुमडता तसाच पाण्यात शिरला. थोडा वेळ नुसता किनाऱ्याकडे बघत राहिला. मग पहिलं वाक्य त्यानं हळू म्हटलं, लाज वाटत असलेल्या माणसासारखं. दुसऱ्या वाक्याला किंचित हसला. त्या हसण्यानं केशवरावांच्या बायकोच्या, प्रभावतीकाकूंच्या अंगावर काटा आला. टाळी कुणीच वाजवली नाही.

"उद्या सांगतो," म्हणून केशवराव गाडीत जाऊन बसले.

घरी ते जेवायला बसेनात. प्रभावतीकाकू भाकरी थापता थापता बघत होत्या. शेवटी त्यांनीच विषय काढला.

"कुणाचं काम चांगलं झालं, ते तुम्हाला कळलंय."

"सुजीतला किती लागंल, प्रभा. पोरगं लहानपणापासून माझ्याबरोबर तालमींना येतंय."

"लागू द्या. जन्मानं माणूस मोठा होत नाही की हलका होत नाही, हे तुम्ही आयुष्यभर स्टेजवरून सांगितलं. आता गादी पोराला आणि टोपी किरिस्तावाला? मग त्या सुलतानाच्या दरबारात आन् तुमच्या मंडळात फरक काय राहिला?"

केशवरावांनी भाकरी खाल्ली आणि उठून फोन फिरवला. आधी विल्फ्रेडला, मग मुलाला.

सुजीत भडकला. "बाबा, you could have told me at home!" एवढंच बोलून त्यानं फोन आपटला. तालमीला तो आला नाही, आणि त्याच्याबरोबर तिघं आले नाहीत. पुढच्या खेपेला आणखी एक कमी झाला. उरलेल्यांत कुजबुज सुरू झाली, की म्हातारा घरचं सोडून बाहेरच्याला धरतोय. गव्हर्नरचं काम कुणीच घेईना. प्रयोग तोंडावर आला होता.

विल्फ्रेड कुणाला न सांगता हमद टाउनला गेला. तिथली राउंडअबाउटं सगळी सारखीच. दोनदा चुकून, पानाच्या दुकानात विचारून त्यानं एकदाचं घर शोधलं. सुजीतनं दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही.

"तुला सॉरी म्हणायला आलेलो नाही," विल्फ्रेड म्हणाला. "काम मी चांगलंच केलं. तुलाही माहितीय."

"मग कशाला आलास?"

"गव्हर्नर पाहिजे. चांगला पाहिजे. चार वर्षं मी फिरंगी केला, सगळे मूर्ख फिरंगी. मिशा पिळायच्या, हसायचं, खलास. या सुलतानाला मूर्ख माणूस मारू शकत नाही. पलंगावर आजाऱ्यासारखा पडून, डोळ्यांत डोळे घालून जो थाप मारू शकतो, असा माणूस पाहिजे. देखणा आणि थंड. मंडळात असा एकच आहे."

सुजीत दाराला टेकून उभा राहिला. "म्हणजे मी थंड आहे?"

"गेले पंधरा दिवस तू बापाशी बोललेला नाहीस. काकू सांगत होत्या."

सुजीतला हसू आवरेना. "चहा घेणार?" तो म्हणाला, आणि बाजूला झाला.

दुसऱ्याच तालमीला तो हजर होता, गेलेल्या चौघांना घेऊन. बापाशी तो आधी फक्त नाटकाचंच बोलला. "बाबा, गव्हर्नरला ओरडायची वाक्यं का दिली? He is sick, no? काढून टाका." केशवरावांनी चष्मा लावला, वाचलं आणि सहा वाक्यं खोडली.

प्रयोगाला मनामातल्या क्लबचा हॉल भरला. वसईची मंडळी एका बाजूला, केशवरावांचे विमानतळावरचे जोडीदार दुसऱ्या बाजूला. पलंगावरच्या सुजीतनं सुलतानाचा हात हातात घेतला आणि इतक्या मायेनं "बसा ना थोडं" म्हटलं की पहिल्या रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "अगो बाई, नको बसूस रे बाबा!" कुणी हसलं नाही. होडीच्या प्रवेशात विल्फ्रेडनं ते हळू वाक्य म्हटलं, हसला, आणि निळ्या कापडात उडी घेतली. दिवे गेले. हॉल सगळाच्या सगळा उभा राहिला.

आठवड्यानं मंडळाची बैठक झाली. केशवराव म्हणाले, "मी चाललो. पुढं कोण, हे मी ठरवणार नाही. तुम्ही हात वर करा."

विल्फ्रेडचं नाव दोघांनी घेतलं. तो लगेच म्हणाला, "मला कामं करायचीत. हॉलवाल्याशी आणि तुमच्या रुसव्याफुगव्यांशी भांडायला सुजीत बरा. शिवाय त्याला माणसं फोडता येतात आणि परत आणताही येतात, हे आपण बघितलं." आणि त्यानंच पहिला हात वर केला.

बहुतेक हात वर गेले. दोन खालीच राहिले. सुजीतनं ते दोन हात बघितले आणि म्हणाला, "ठीक आहे. त्या दोघांनाही शुक्रवारी दहाला यायचंय. उशीर चालणार नाही." केशवरावांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं.

त्या रविवारी विल्फ्रेडनं बूथवरून वसईला फोन लावला. वडील नुकतेच चर्चमधून, मिस्सा आटपून आले होते.

"नाटक झालं म्हणे. कोणाचं काम केलंस?"

"सुलतानाचं, पप्पा. बहादूरशाहचं."

"ज्यानं वसई दिली, तो?"

"हो. तोच."

"मरतो ना तो शेवटी?"

"मरतो."

"नीट मेलास का?"

"सगळा हॉल उभा राहिला, पप्पा."

"मग बरं झालं," वडील म्हणाले, आणि केळीच्या बागेत पाणी लावायचं होतं म्हणून त्यांनी फोन ठेवला.