मुलगी, वय आठ दिवस

सन १९८१. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात ग्रामसेवक मधुकरराव बायकोसह राहत. ग्रामपंचायतीच्या कचेरीत त्यांच्या खुर्चीमागे काचेच्या चौकटीत एक प्रशस्तिपत्र टांगलेले होते : तीन वर्षांत गावात एकही बालमृत्यू नाही.

पौषात त्यांच्या पत्नी शकुंतलाबाईंना सहावा महिना लागला. आधीच्या दोन मुली त्यांनी याच गावात गमावल्या होत्या. दोघी जन्मल्या तेव्हा धडधाकट. सातव्या दिवशी दूध ओढेनाशा झाल्या, जबडा घट्ट मिटला, अंग ताठले. आठव्या दिवशी सारे संपले. "सटवाईनं नेलं," सुईण तानाबाई म्हणाली. नाळ तिने घरच्या विळ्याने कापली होती आणि वर गोवरीची राख लावली होती. त्याविषयी कोणीच बोलले नाही.

दोन्ही वेळा शकुंतलाबाईंनी नवऱ्याला एवढेच विचारले होते, "वहीत लिवलं ना?" दोन्ही वेळा "हो, लिवलं" असे उत्तर आले होते. पोर गेली, पण कुठेतरी तिची एक ओळ आहे, एवढ्याच आधारावर त्या दिवस काढत होत्या.

एके सकाळी त्या ओसरीवर तूर पाखडत असताना नर्स लीलाबाई आल्या. त्या या भागात नवीन होत्या.

"बाई, पोटातल्या पोराले वाचवते म्हणतात, ते धनुर्वाताची सुई मले देऊन द्या," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"यंदा लस कमी आली आहे. जिथे बाळं जास्त दगावतात त्या गावांना आधी द्यायची आहे. तुमचं गाव यादीत नाही."

"काऊन नाई?"

"तुमच्या वहीत एकही बाळ गेलेलं नाही. कागद तर तुमचेच साहेब पाठवतात."

सूप खाली ठेवून शकुंतलाबाई उठल्या. "माह्या दोन पोरी गेल्या, बाई," एवढेच बोलल्या आणि तडक कचेरीत गेल्या. लीलाबाई मागोमाग निघाल्या.

कचेरीत मधुकरराव होते आणि कोपऱ्यात म्हातारा कोतवाल नत्थू.

"मृत्यूची वही दाखवा."

शकुंतलाबाई चौथी शिकलेल्या. ओळीखाली बोट धरून त्यांनी तीन वर्षांची पाने वाचली. सगळी म्हातारी माणसे.

"माह्या पोरी कुठं हायत?"

मधुकररावांनी मान खाली घातली. "बारसंच झालं नव्हतं, शकुंतला. ज्याले नावच नाई, त्याची नोंद कशी करू?"

नत्थू खाकरला. "साहेब, माह्या बापानं केली व्हती ना!"

त्याने कपाटाच्या तळातून इंग्रजांच्या वेळची एक वही काढली. "माहा बाप कोतवाल व्हता. त्याले लिवता येत नव्हतं, मुन्शीकडून लिवून घेत व्हता. वाचा, बाई."

शकुंतलाबाई वाचू लागल्या. 'मुलगी. नाव ठेवले नाही. वय आठ दिवस. दातखीळ.' खाली : 'मुलगा. नाव ठेवले नाही. वय सात दिवस.' एका सालात अशी अकरा!

"पटकीचं मरण वहीत चढलं का विहिरीत लाल दवा पडे," नत्थू म्हणाला. "मेलेलं समजलं तं दवा येते, साहेब. तुमी तं कळवून राह्यले का इथं कोणी मरतच नाई. मंग दवा काऊन येईन?"

"कायपायी केलं असं?" शकुंतलाबाईंनी नवऱ्याला विचारले.

मधुकररावांची नजर नकळत चौकटीकडे गेली.

"त्या काचेपायी! पहिली गेली तवा लिवलं असतं, तं दुसरीच्या वेळी सुई आली असती. दोनदा विचारलं मी तुमाले. दोनदा! परक्यानं फसवलं असतं तं तुमच्यापाशी येऊन रडली असती. आता कोणापाशी जाऊ?"

 मधुकरराव खुर्चीवर चढले आणि चौकट त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवली.

दुसऱ्या दिवशी नत्थूला घेऊन ते घरोघर फिरले. दारे हळूहळू उघडली. बाया पदर तोंडाला लावून सांगू लागल्या. तीन वर्षांत नऊ बाळे, एकाचेही बारसे झालेले नाही. ती यादी लीलाबाईंच्या हाती देऊन मधुकरराव उशिराच्या नोंदींचा अर्ज घेऊन समुद्रपूरला गेले. "चांगलं नाव झालं होतं, कायले बिघडवता?" तिथला कारकून हसला. ते तिथेच बसून राहिले आणि हुकूम घेऊनच परतले.

आपल्या पहिल्या मुलीची नोंद लिहिताना त्यांनी शकुंतलाबाईंना विचारले, "एखादं चांगलं नाव लिवू का?"

"नाई. ठेवलं नव्हतं. जसं झालं तसं लिवा. आता खोटं नको."

माघात गावाला लस आली. फाल्गुनात दुसरी सुई मिळाली. लीलाबाईंनी तानाबाईला कोरे पाते आणि उकळलेला दोरा वापरायला शिकवले. चैत्रात मुलगी झाली. आठवा दिवस गेला. बाराव्या दिवशी पाळणा हलला.

"नाव लिवलं, जन्माच्या वहीत," संध्याकाळी मधुकरराव म्हणाले.

शकुंतलाबाईंनी मुलीला खांद्यावर घेतले. "चला, दाखवा," म्हणाल्या, आणि कचेरीत जाऊन ती ओळ त्यांनी स्वतः वाचली.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या गावची मृत्यूची वही एकदा मागून पाहा. तिच्यात एकही बाळ दिसले नाही, तर आनंद मानण्याआधी शेजारच्या आईला विचारा. लपवलेला एक मृत्यू पुढच्या बाळाची सुई अडवतो. जे बाळ आठच दिवस जगले, तेही आपल्या गावचे माणूस होते. त्याची एक ओळ लिहा!