बारीक ओळीवर बसलेलं लोखंड

मी एक जुना पेपरवेट आहे, मित्रांनो. अर्धा किलो लोखंड, आणि कपाळाला एक खोक. भट्टीत मला वितळवलं, साच्यात ओतलं, मग घणानं साचा फोडून बाहेर काढलं आणि कानशीनं सोललं. बारसं झालं ते असं.

कारखान्यानं मला एका शेअरदलालाला भेट दिलं. तिथं दहा वर्षं मी कागद दाबले आणि झुरळं चिरडली. "वजनदार माणूस आहे हा," असं दलाल माझं कौतुक करायचा.

मग कारखान्यानं भट्टीची जमीन विकली आणि पैसा शेअरवाल्यांना वाटून टाकला. एरवी शंभराच्या शेअरला चार रुपये डिव्हिडंड. त्या वर्षी वर आठ रुपये खास. दलालानं सरळ बेरीज ठोकली, 'परतावा बारा टक्के' असं ठळक छापलं आणि खालच्या बारीक ओळीवर मला बसवलं. रोज, नेमकं तिथंच. मी बसलो. बसणं हाच माझा धंदा.

एक शिवणकामवाली आक्का आली. डोळे अधू झाले म्हणून दुकान विकून आलेली. सोबत धाकटा भाऊ, लोहार.

"दर वर्षी बारा ना?" तिनं विचारलं.

"कागद कधी खोटं बोलतो का, ताई?"

तिनं दुकानाचा सगळा पैसा घातला. पुढच्या वर्षी शेअरमागे चारच आले.

लोहार दार लाथेनं उघडूनच आत आला, मागोमाग आक्का. खुर्ची काचेत गेली, दलाल भिंतीवर.

"बाकीचे आठ कुणाच्या बापानं गिळले?"

त्याच्या हाताला मी लागलो. तोच कागद, तीच जागा, वर्षभर हललो नव्हतो. त्यानं मला दलालाच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला, समोरचे दोन दात टेबलावर घरंगळले. खोटं कशाला सांगू, मजा आली. झुरळांचा कंटाळाच आला होता.

दुसऱ्या घावाला हात वर गेला तेव्हा आक्का टेबलावर वाकली होती. मी उठलो तशी खालची ओळ उघडी पडली होती. रक्त पुसून, कागद डोळ्यांना लावून तिनं वाचलं, "यातले आठ रुपये जमीनविक्रीचे, फक्त यंदा."

"थांब रे. खरे चारच होते. तेव्हाच हे उचलून पाहायला हवं होतं मी."

"आक्के, याचे उरलेले दात तरी काढू दे."

"दातांनी दुकान परत येत नाही."

हात खाली आला, पण पोलीसही आले. लोहार तुरुंगात गेला. दलालाला कवळी बसली, हसतो छान. आक्का अधू डोळ्यांनी दुसऱ्याच्या दुकानात काजं करते. मी ठाण्याच्या कपाटात, गळ्यात पुराव्याची चिठ्ठी, अंगभर गंज.

मित्रांनो, कागदावर माझ्यासारखा कुणी ठाण मांडून बसलेला दिसला, तर खिशातून पैसे काढायच्या आधी त्याला उचला. वाचून झालं की लगेच खाली ठेवा. लोखंड फार वेळ हातात राहिलं की त्याला डोकं सापडतं.