जाळीमागचं लिंबू

सोमवारच्या पासिंगआधी गाडीचं इंजिन पुसून घ्यावं म्हणून श्यामसुंदरांनी स्टिअरिंगखालचं हँडल ओढलं. हँडल सैल पडून पुढे आलं आणि बॉनेट मात्र बंदच राहिलं. बाजार करून आलेली त्यांची बायको माणिक पार्किंगमध्ये शेजारीच उभी होती. तिच्या पिशवीत मेथीच्या जुडीखाली लिंबू-मिरची होती, आणि हे आपल्यामुळेच झालं असं तिला लगेच वाटलं.

वाटायला कारण होतं. श्यामसुंदर लहानपणी पोलिओतून वाचले, पण उजवा पाय लुळा राहिला. बँकेत असताना त्यांनी ही गाडी घेतली आणि ब्रेक-ॲक्सिलरेटर हाताने चालवता येईल असा दांडा बसवून घेतला. रिक्षात चढताना कुणी ना कुणी काखेत हात घालतं, याचा त्यांना मनस्वी राग. स्वतःच्या गाडीतून मात्र ते दर रविवारी मुलुंडहून कांदिवलीला बुद्धिबळ खेळायला जायचे आणि हरूनसुद्धा खुशीत परत यायचे. मागच्या वर्षी एका डंपरने घासत जाऊन त्यांचा आरसा उडवला. "आरसाच गेला ना," म्हणून ते मोकळे झाले. माणिकचा जीव तेव्हापासून दर रविवारी टांगणीला लागायचा, तो गाडी फाटकातून आत येईपर्यंत.

देवाधर्माचं श्यामसुंदरांना वावडं होतं. गाडीला लिंबू-मिरची दिसली असती तर अख्ख्या सोसायटीला व्याख्यान ऐकावं लागलं असतं. म्हणून दर शनिवारी त्यांचा दुपारी डोळा लागला की माणिक खाली यायची, बंपरखालच्या फटीतून हात घालायची आणि जाळीमागे हाताला लागलेल्या एका तारेवर लिंबू-मिरची घट्ट गुंडाळायची. लोंबलं तर दिसेल, म्हणून गुंडाळायची. ती तार कशाची हे तिने कुणाला विचारलं नाही, आणि विचारणार तरी कुणाला?

आता सोमवारी बॉनेट उघडलं नाही तर काय, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. पंधरा वर्षांच्या गाडीचा आतला चासी नंबर बघितल्याशिवाय आरटीओत पासिंग होणार नव्हतं. पुण्याच्या निहारने, त्यांच्या मुलाने, बाबांकडून कबूल करून घेतलं होतं की गाडी पास झाली तर ठेवायची, नाही तर भंगारात द्यायची. दुसरी गाडी या वयात नाही.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून प्रितम आला. त्याने हँडल दोनदा ओढून बघितलं.

"काका, केबल गेली. इथून पुढच्या लॉकपर्यंत एकच तार जाते, ती तुटलीय."

"मग नवी घाल."

"घालतो ना. पण घालायला बॉनेट उघडायला पाहिजे."

"आणि बॉनेट उघडायला केबल पाहिजे," श्यामसुंदर म्हणाले. हसलं कुणीच नाही.

प्रितम गाडीखाली आडवा झाला. त्याने जाळीतून आकडा घालून बघितला, मग लांब स्क्रू ड्रायव्हर, मग वाकवलेली सळई. घामाघूम होऊन तो उठला.

"हूक पोचत नाय, यार. जाळी कापू?"

"कापलीस तर सोमवारपर्यंत दुसरी मिळेल?"

"या मॉडेलची? विसरा. आणि पत्रा वाकला तर बॉनेट नीट बसणार नाय. मग पासिंगची वाटच लागली."

श्यामसुंदर वॉचमनच्या खुर्चीवर बसले. "राहू दे," ते शेवटी म्हणाले. "निहारला फोन करतो. भंगारवाला तोच बघेल."

खरं तर वर्षभर माणिकने हेच मागितलं होतं. गाडी गेली की डंपर गेला, रविवारची धास्ती गेली. नुसतं तोंड मिटून उभं राहायचं होतं, कुणाला कधी कळलंही नसतं. पण तिला लॉकडाउनमधले श्यामसुंदर आठवले. पट मांडून एकटेच बसायचे, पांढऱ्याची चाल खेळायचे, मग पट फिरवून काळ्याची. दिवस दिवस बोलायचे नाहीत. ती भीती तिला डंपरपेक्षाही मोठी वाटली.

"प्रितम, हूक नको," ती म्हणाली. "आत लॉकपाशी माझी तार आहे."

"तुमची तार, काकू?"

"लिंबाची." नवऱ्याकडे न बघता ती खाली बसली आणि फटीतून हात आत सरकवला. सवयीने बोटं बरोबर जागेवर गेली. मागच्या शनिवारचं मऊ पडलेलं लिंबू हाताला लागलं, त्याच्यामागे तार. तिने खाली ओढलं. काहीच झालं नाही. आता हे उरलेलं टोकही तुटलं तर, असं वाटून तिने ओढणं थांबवलं.

"खाली नको, काकू. बाजूला ओढा. तुमच्या डावीकडे. हळू."

खट असा आवाज झाला आणि बॉनेट बोटभर वर आलं.

आत सुकलेली लिंबं आणि काळ्या पडलेल्या मिरच्या जागोजाग पडल्या होत्या. प्रितमने तुटलेली केबल बाहेर काढली, तिचं टोक तांबडं झालं होतं. "लिंबाचं आंबट तारेवरून केबलच्या नळीत मुरलंय. गंजली म्हणून तुटली." करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं माणिकला झालं. गाडीला जपता जपता तिनेच गाडीचा घास घेतला होता.

श्यामसुंदरांनी एक सुकलेलं लिंबू उचललं. ती व्याख्यानाची वाट बघत उभी राहिली.

"कधीपासून?"

"डंपरपासून."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर गाडी सोडली असतीत?"

"नाही."

"मग? भीती माझी होती, मीच बांधत होते."

प्रितमने नवी केबल ओवली, ग्रीस लावलं, श्यामसुंदरांना हँडल ओढायला सांगितलं. बॉनेट पहिल्या झटक्यात उघडलं. त्यांनी ते पुन्हा लावून पुन्हा उघडून बघितलं. चासी नंबर स्वतः फडक्याने पुसला.

"प्रितम, केबल सोडून इथे बांधण्यासारखं काय आहे?"

"बंपरचा हा रॉड आहे की."

"आज शनिवार ना, माणिक? आणली असशील. दे."

तिने मेथीखालून लिंबू-मिरची काढून दिली.

"माझा यावर विश्वास नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे."

कुबडी गाडीला टेकवून, एका हाताने बॉनेट धरून ते कसेबसे वाकले आणि रॉडला गाठ मारली. लिंबू त्यांनी आत सरकवलं नाही. सगळ्या सोसायटीला दिसेल असं बाहेर लोंबतं ठेवलं.