आतलं दार

बाबांची समज शाबूत आहे की गेली, एवढंच मला कळायला हवं होतं. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला, आवाज गेला, ते मी कसंबसं पचवलं. पण समजच गेली असेल तर त्यांना दिवसभर खोलीत एकटं ठेवता येणार नव्हतं, आणि मला लालबागच्या मसाल्याच्या दुकानात कामावर परतायला हवं होतं. मालकानं दीड महिना दम धरला होता. आत्येभाऊ फोनवर फोन करून कर्जतच्या कुठल्याशा वृद्धाश्रमाचे गोडवे गात होता. त्याचं तोंड बंद करायला मला पुरावा हवा होता.

व्यायाम करून घ्यायला रामदास यायचा. घोडपदेवचा, बोलायला पक्का बडबड्या, पण हाताला गुण. त्यानं एक दिवस बाबांच्या मांडीवर टॅब ठेवला.

"ताई, हा गेम खेळवा काकांना. मारामारी-बिरामारी काय नाय, डोक्याचा आहे. वस्तूला बोट लावायचं, काय होतं बघायचं, कोडं सोडवायचं. डावा हात पण हलेल आणि डोकं किती चालतं ते पण कळेल."

मला हसूच आलं. कापड गिरणीत पंचवीस वर्षं साचे, म्हणजे माग, चालवलेला माणूस आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अंतराळयान चालवणार! पण गेम बघण्यासारखा होता. सगळं हातानं काढलेलं, शाईच्या रेषा कुठे जाड कुठे बारीक, काळ्या आभाळात पांढरे ठिपके, आणि एका जुनाट यानात गोल शिरस्त्राण घातलेला एवढासा माणूस. अक्षर एक नाही. बाबा पहिल्याच दिवशी रमले. तुटलेल्या तारा जोडायचं कोडं मला सुटेना, त्यांनी ते एका झटक्यात सोडवलं. सूत जोडण्यात आयुष्य गेलेलं. मी खूश होऊन आत्येभावाला फोन लावणार होते.

मग ते चौथ्या कोड्यात अडकले. त्यात दुसरा एक छोटा माणूस यानाच्या बाहेर लटकलेला असतो आणि काचेवर ठोठावतो. यानाला दोन दारं, बाहेरचं आणि आतलं, मध्ये चिंचोळी खोली. आधी आतलं दार लावायचं, मग बाहेरचं उघडून त्याला घ्यायचं. सरळ बाहेरचं उघडलं की यानातली हवा जाते, दोघंही काळोखात वाहून जातात आणि चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

मला ते पाच मिनिटांत जमलं. बाबा मात्र बाहेरच्याला बघताक्षणी दार उघडत. पुन्हा पुन्हा. तीन दिवस तेच.

रामदासनं डोकं खाजवलं. "तार जोडली, आणि हे कळत नाय? शुक्रवारी बघू ताई. नाय जमलं तर मग समज गेली असं धरून चालावं लागेल."

गुरुवारी दुपारी माझा संयम सुटला. बाबांनी पुन्हा बाहेरच्या दाराकडे बोट नेलं तशी मी ओरडले, "अहो, आधी आतलं दार लावा ना! थांबू दे त्याला थोडा वेळ बाहेर. मरत नाही तो!"

बाबांचं बोट थांबलं. हे वाक्य याच खोलीत मी आधी ऐकलं होतं.

गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटलं होतं तेव्हा. मी अकरा वर्षांची. माझा भाऊ उत्तम एकोणीस वर्षांचा, गिरणीत बदली कामगार. आई सगळ्यांना पेज वाढायची आणि आपण भांडं विसळून ते पाणी प्यायची, हे त्यानं एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो संप मोडून मालकाच्या गाडीत बसून गिरणीत कामाला गेला. चाळीतून संध्याकाळपर्यंत बातमी बाबांच्या कानावर आली. उत्तम परतला तेव्हा दाराला आतून कडी होती. बाबा खिडकीकडे तोंड करून जमिनीवर बसून होते.

"अवो, उघडा ओ," आई रडत होती.

"रवांदे भायर दोन दीस. मराचो नाय तो. अक्कल येतली, मगे घेव घरात."

उत्तम खिडकीपाशी आला. गिरणीच्या खडखडाटात आवाज पोचत नाही म्हणून साचेवाले नुसत्या ओठांनी बोलत. बाबा घरीही तसं बोलायचे, आम्ही भावंडं ते शिकलो होतो. गजाआडून त्यानं माझ्याकडे पाहून आवाज न करता ओठ हलवले. बकू, कडी काढ.

मला नीट वाचता आलं होतं. कडी हाताच्या अंतरावर होती. मी मान खाली घातली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः दार उघडून ठेवलं. उत्तम आला नाही. दोन वर्षांनी भिवंडीहून निरोप आला. कावीळ झाली होती, अग्नीही तिथल्याच माणसांनी दिला होता. त्यानंतर बाबांनी त्याचं नाव घेतलं नाही आणि मला वाटायचं, हा माणूस दगड आहे. मी त्यांचं सगळं केलं, पण मनातून कधी माफ केलं नाही. त्यांनाही, मलाही.

मी टॅबजवळ सरकून बसले.

"बाबा, हवा जाते हे कळतंय ना तुम्हाला?"

त्यांनी मान हलवली. हो.

"आधी हे लावलं तर तो वाचतो, तेही?"

हो. मग डाव्या हाताचं बोट त्या आतल्या दारावर टेकायच्या आधीच मागे घेतलं आणि मान हलवली. नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायलाही हात उचलत नव्हते. काचेवर तो छोटा माणूस ठोठावत होता. बाबांनी माझ्याकडे पाहून ओठ हलवले. तोंड वाकडं झालेलं, अर्धेच ओठ हलत होते, तरी मला वाचता आलं.

बकू, कडी काढ.

मी बोट पुढे केलं आणि बाहेरचं दार उघडलं. छोटा माणूस आत आला, आतल्यानं त्याला धरलं, आणि दोघं वाहून गेले. चित्र पुन्हा सुरू झालं. बाबांनी माझ्या मनगटाला हात लावला. मी पुन्हा उघडलं.

शुक्रवारी रामदास आला.

"जमलं काय, ताई?"

"नाही."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे मग समज..."

"समज आहे," मी म्हटलं. "सगळं कळतं त्यांना. टॅब राहू दे आमच्याकडे थोडे दिवस."